काखेखाली एक इंच

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुईत दोरा ओवणं.

ॲरिझोनात चँडलरला मुलीच्या घरी, दुपारची जेवणं झाल्यावर. सुनंदा मशीनवर बसली होती. आमची नात इरा इथल्या पोरींच्या टीममध्ये रग्बी खेळते. तिला मिळालेली जर्सी कुणा थोराड बाईच्या मापाची होती. पोरगी त्यात गादीच्या अभ्र्यात घातलेल्या उशीसारखी दिसायची. ती दोन्ही बाजूंनी आटवायची होती. पण सुनंदाला सुईचं भोक दिसेना आणि मला सुईच दिसेना. शेवटी तिनं सुईमागं पांढरा कागद धरला, मी एका हातानं फोनची बॅटरी धरली, दोरा दोघांनी धरला.

"अगं, जन्मभर लोकांच्या शिरा शोधल्यास, हे एवढं भोक सापडत नाही?"

"शीर फुगते तरी. तुम्ही हात हलवू नका. बॅटरी धरलीय का आरती ओवाळताय?"

पाचव्या खेपेला दोरा गेला. तिनं जर्सीची डावी बाजू सरळ शिवून काढली. मग उठली, कंबर धरून.

"उजवी चहा झाल्यावर करते," म्हणाली. "आणि डॅनीला फोन करा. नंबर मशीनच्या खणात ठेवलाय."

"उद्या करतो."

"तुमचं उद्या मी मिसेस डॅटू झाल्यापासून ऐकतेय."

हे बोलून ती पडायला गेली. चार वाजता मी चहा टाकला, हाक मारली, दुसरी मारली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. नर्सला शोभेल असंच गेली म्हणायची. कुणाला बेल मारायला लावली नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक नंतर घरी येऊन म्हणाले, "काका, अंकात सगळे इंजिनिअरच लिहितात. तुम्ही तुमच्या कामाबद्दल लिहा ना." मी म्हटलं, मी सातवी पास, तीही मास्तरांनी ढकलला म्हणून. माझं काम म्हणजे लोकांचे मळके कपडे धुणं. ते म्हणाले, तेच लिहा. तर लिहितो. ऱ्हस्व-दीर्घ मुलीनं सुधारलंय. बाकीच्या चुका माझ्या आहेत, आणि त्यातली एक मोठी आहे. ती डॅनीची.

मिरजेला मी दवाखान्याच्या धुलाईखात्यात होतो आणि सुनंदा तिथंच नर्स होती. लोक म्हणायचे, नर्स आणि धुलाईवाला, जोडा बरा जमलाय, एक घाण करणार आणि एक धुणार. तिला इंग्लंडात नोकरी लागली. मी तिच्या मागं गेलो, तिच्या सामानासारखा. तिचा पगार मोठा, हुद्दा मोठा, इंग्रजी मोठं. मला 'गुड मॉर्निंग' येत होतं आणि ते मी संध्याकाळीही वापरायचो.

तिकडं आम्ही राहायचो त्या गावात रग्बीचा क्लब होता. तिथं कपडे धुवायला माणूस पाहिजे होता. पुढं मी तिथला किटमन झालो. किटमन म्हणजे जर्सी, चड्ड्या, मोजे, बूट, टॉवेल सगळ्याचा मालक आणि सगळ्याचा नोकर. मॅचच्या दिवशी ड्रेसिंग रूममधे एक ते पंधरा खुंट्यांवर जर्सी टांगायच्या, पाठीवरचा नंबर बाहेर. पुढं बदली खेळाडूंच्या, सोळा ते तेवीस. मोजे डावे-उजवे लावून ठेवायचे. बुटाखालच्या धातूच्या गोट्या बोट फिरवून तपासायच्या, धार असली तर समोरच्याच्या पाठीची साल निघते. मॅच झाली की सगळा चिखल माझ्याकडं. चिखल बघून मी सांगायचो, ह्या मैदानात गेल्या आठवड्यात गवताला काय घातलंय. असली विद्या जगात कुठं उपयोगी पडत नाही. ॲरिझोनात तर नाहीच. इथं चिखल करायचा तर पाणी विकत घ्यावं लागेल.

वाचकांना खेळ थोडा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रग्बीत मधूनमधून दोन्हीकडची आठ-आठ माणसं वाकून, डोकी एकमेकांत अडकवून ढकलतात. त्याला स्क्रम म्हणतात. पुढच्या ओळीत उजवीकडं जो उभा असतो त्याच्या पाठीवर तीन नंबर. सगळं वजन त्याच्या मानेवर आणि खांद्यावर येतं. तो खाली बसला की आख्खा डोलारा बसतो, आणि पंच शिट्टी मारून त्यालाच दोषी धरतो. समोरचा माणूस त्याची जर्सी मुठीत धरूनच ढकलतो, ते नियमात बसतं. म्हणून तीन नंबरची जर्सी अंगाला चिकटलेली पाहिजे. कापड मुठीत येता कामा नये. एवढं ज्याला कळतं तो किटमन. मला कळत होतं, हे लक्षात ठेवा.

आम्ही गेलो तेव्हा तिथं हा खेळ हौसेचा होता. मग तो पोटापाण्याचा झाला आणि बाहेरदेशाहून तयार खेळाडू यायला लागले. टोंगा, फिजी, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना. काही देशांची नावं मी बुटांच्या पेट्यांवरून शिकलो. गावातले म्हातारे क्लबच्या बारमधे बसून बोंबलायचे, "ही बाहेरची आणलीत, आपली पोरं कधी खेळणार? बाकावर बसून त्यांना बुरशी येईल." दुसरे म्हणायचे, "अरे, चांगल्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय आपली पोरं शिकणार कशी?" हा वाद मी तीस वर्षं ऐकला. मला कुणी मत विचारलं नाही, पण माझं मत खुंटीवर दिसायचं.

हीटरजवळच्या खुंट्या मी परदेशी खेळाडूंना द्यायचो. दाराजवळच्या, जिथं वारा येतो, त्या गावातल्या पोरांना. नवा टॉवेल परदेशी, विरलेला घरचा. कारण साधं होतं. पहिल्या हिवाळ्यात मला कुणी हीटरजवळ बसवलं नव्हतं. ही माणसं आईला सोडून हजारो मैलांवरून आलीत, असं मला वाटायचं. गावातल्या पोरांचं काय, त्यांची आई स्टँडमधे डब्यात सँडविच घेऊन बसलेली असायची. म्हणजे मी खेळाडूंना नाही, स्वतःलाच टॉवेल देत होतो. हे मला सुनंदानं सांगितलं. मी म्हटलं, तू इंजेक्शन दे, माझ्या कामात बोलू नकोस.

गिऱ्हाइकं एकेक होती. अर्जेंटिनाचा एक जण जिंकत असेतोवर मोजे धुवू द्यायचा नाही. ओळीनं सहा मॅच जिंकलो. सातवी हरलो तेव्हा सगळ्यात आनंद मला आणि त्याच्या शेजारच्या खुंटीवाल्याला झाला. आफ्रिकेचा एक बुटाची नाडी मीच बांधावी म्हणायचा, दोन गाठी, डावीकडं वळलेल्या. मी बांधायचो. घरात माझ्या बुटाची नाडी सुनंदा बांधायची, कंबर धरली की.

आणि सिओने. टोंगाचा. आमचा तीन नंबर. दारातून आत आला की खोलीत उजेड कमी व्हायचा. जर्सी एवढी मोठी की मशीनमधे ती एकटीच टाकायची. स्वभावानं गाय. रविवारी चर्चमधून सरळ आमच्या घरी यायचा, मटण आणि भाकरी खायचा, सुनंदाला 'ममा' म्हणायचा. एकदा सुनंदा म्हणाली, "रोज परदेशीच का जेवायला? इथल्या पोरांना भूक नसते?" म्हणून मी डॅनीला बोलावलं.

डॅनी गावातलाच. पोराटोरांच्या टीमपासून क्लबातच वाढलेला. पंचविशीचा झाला तरी सिओनेच्या मागं उभा, कारण जागा एकच आणि ती सिओनेची. ठेंगणा, रुंद, पण सिओनेच्या जर्सीत दीड डॅनी मावला असता. आमच्याकडं त्यानं खर्डा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागितला. सुनंदानं तिथंच त्याला पास केलं.

एक गोष्ट सांगतो, जी बारमधल्या म्हाताऱ्यांना माहीत नव्हती. सराव संपला की सिओने डॅनीला पार्किंगमधे थांबवायचा. पाय कुठं ठेवायचे, मान कशी न्यायची, श्वास कधी सोडायचा, हे दोन गाड्यांच्या मधे उभं करून शिकवायचा. स्वतःची जागा घेणाऱ्याला स्वतःच तयार करत होता. मी कपड्यांची गाठोडी नेताना बघायचो. म्हणजे बघा, एका परदेशी माणसानं घरच्या पोराला घडवलं. आणि दुसऱ्या परदेशी माणसानं, म्हणजे मी, त्याचं वाटोळं केलं.

फेब्रुवारीतली मॅच. त्याआधीच्या बुधवारी रात्रीची भाजी निवडताना सुनंदा म्हणाली, "डॅनीच्या मापाचा एक तीन नंबर करून ठेवू का? जुनी जर्सी द्या, मी आटवते." खेळाडूंच्या जर्सी मापात बसवायचं काम ती घरी मशीनवर करून द्यायची, फुकट.

मी म्हटलं, "कशाला? सिओनेला काय धाड भरलीय? डॅनी तर तेविसातही नाही."

"ठेवायला काय जातं?"

"कपाटात जागा जाते."

एवढंच बोलणं. शनिवारी वॉर्म-अपला सिओनेच्या मांडीत काहीतरी तुटलं. बाकावर जो जास्तीचा होता तो वयस्क, वीस मिनिटांपुरताच टिकणारा. कोच ओरडला, "डॅनी कुठाय?" डॅनी स्टँडमधे कोट घालून आईशेजारी बसला होता. त्याला पळत आणला. पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळणार होता तो, एवढ्या वर्षांनी. त्यानं कोट काढून बाकावर टाकला. माझ्याकडं बघून म्हणाला, "डॅटू, माझी जर्सी?"

माझं नाव दत्तू. तिकडं त्याचं डॅटू झालं.

मी कपाट उघडलं. जर्सीला रक्त लागलं तर बदलायला काही जास्तीच्या ठेवतात. त्याही सगळ्या परदेशी मापाच्या. डॅनीच्या मापाचं एक चिरगूट नव्हतं. मी सिओनेची जर्सी काढून त्याच्या डोक्यातून घातली. ती त्याच्यावर परकरासारखी उतरली. मी ती चड्डीत खोचली, वर थाप मारली आणि म्हणालो, "मस्त दिसतंय."

पहिल्या स्क्रमला समोरच्यानं उजव्या बाजूचं ढीगभर कापड मुठीत घेतलं आणि पिशवी ओढावी तसं खाली ओढलं. डॅनी गुडघ्यावर. पंचाची शिट्टी. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. पंचाला दिसत होतं की डॅनी पडतोय. कोचला दिसत होतं की डॅनी पडतोय. स्टँडमधे त्याच्या आईला तेच दिसत होतं. तो का पडतोय हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या मला दिसत होतं, आणि मी पाण्याच्या बाटल्या मोजत होतो. हाफटाइमला त्याला बाहेर काढलं.

मॅचनंतर कोचनं विचारलं, "ती जर्सी एवढी सैल का होती?"

मी म्हणालो, "कंपनीनं माप पाठवलं नाही."

इंग्रजीत माझं एकही वाक्य कधी एवढं सरळ आलं नव्हतं.

सुनंदाला घरी आल्यावर खरं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "कोचला सांगा सोमवारी." सोमवारी कोच घाईत होता. मंगळवारी मी घाईत होतो. मग मे महिना आला आणि क्लबनं डॅनीला पुढच्या वर्षासाठी ठेवलं नाही. त्याच्या जागी दक्षिण आफ्रिकेतून एक तयार तीन नंबर मागवला. त्याचं माप मी आधीच फोनवरून घेऊन ठेवलं होतं.

डॅनी किट परत करायला आला. बाकीचे गठ्ठा फेकून जातात. त्यानं सगळं धुऊन, घड्या घालून आणलं होतं. घड्या माझ्यापेक्षा चांगल्या. म्हणाला, "मी कमीच पडलो, डॅटू. ताकदच नव्हती तेवढी."

आणि मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "होतं असं."

पुढं तो घरांना प्लॅस्टर करायचं काम करायला लागला. मी रिटायर झालो तेव्हा क्लबनं मला हातात एक तबक दिलं, फोटो काढला. भाषणात म्हणाले, डॅटूनं कुणाला कधी काही कमी पडू दिलं नाही. सुनंदा पहिल्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या, पण माझ्याकडं अशी बघत होती की तबक तापलंय असं वाटलं.

मग आम्ही मुलीकडं चँडलरला आलो. इथं सगळंच उलटं. मुलगी कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत, जावई तसलंच काहीतरी. इरा इथंच जन्मलेली, म्हणजे इथली घरची. तिच्या टीममधे मेक्सिकन, तेलुगू, गोऱ्या, काळ्या पोरी. कोच न्यूझीलंडची. आता परदेशी कोण आणि घरचं कोण, माझा हिशेब कधीच चुकलाय. इरा धिप्पाड आहे, आजीवर गेलीय. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "आजोबा, गेस व्हॉट! कोच सेज आय ॲम अ प्रॉप. नंबर थ्री!"

मी जेवता जेवता उठून हात धुवायला गेलो. सुनंदा मागून आली. "आता तरी सांगा त्याला," म्हणाली. ती दर डिसेंबरला डॅनीला कार्ड पाठवायची. नंबर, पत्ता, मुलांची नावं सगळं तिच्याकडं. स्वतः सांगितलं असतं तर तिला कोण अडवत होतं? पण म्हणायची, "चूक तुमची आहे. मी का अंगात घालू?"

ती गेली त्या संध्याकाळी घर भरून गेलं. मंडळाची माणसं डबे घेऊन आली. इथं माणूस गेलं की सगळं फोनवर होतं. तिला नेलं, कागद झाले, वेळ ठरली. मला कुणी काही करू देईना. "काका, तुम्ही बसा." बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता उठलो. मुलगी आणि जावई अंत्यविधीच्या कामाला बाहेर पडले होते. इरा सोफ्यावर झोपली होती. मशीनवर जर्सी तशीच पडलेली. खण उघडला. चिठ्ठीवर तिच्या हातचा नंबर, आणि खाली मराठीत, मला कळावं म्हणून, 'आपल्या सकाळी त्यांच्याकडं दुपार असते'.

फोन लावला. मागं रेडिओ वाजत होता, कुणीतरी बादली आपटत होतं.

"कोण? डॅटू? आयला, अजून जिवंत आहेस?"

"मी आहे," म्हणालो. "तुला तीन नंबरच्या जर्सीबद्दल सांगायचंय."

रेडिओ बंद झाला.

सगळं सांगितलं. सुनंदा करून देत होती, मी नको म्हणालो. कपाटात जागा नाही म्हणालो. कंपनीचं नाव घेतलं ते खोटं. माझ्या मोडक्या इंग्रजीत दोन मिनिटांत संपलं. एवढ्या वर्षांचं ओझं आणि ते दोन मिनिटांचं निघालं.

डॅनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सैल होती हे मला माहीत होतं रे. अंगात मीच घातली होती. मला वाटलं कंपनीचा घोळ. आणि वाटलं, खरा प्रॉप असता तर गोणपाट घालूनही उभा राहिला असता."

"नसता राहिला," मी म्हणालो. "सिओनेही नसता राहिला."

"मॅच फेब्रुवारीत झाली. मला काढलं मे महिन्यात. तीन महिने तू मला रोज गुड मॉर्निंग म्हणत होतास, डॅटू."

"हो."

"एकदा कोचला सांगायचंस."

"हो."

मग त्यानं मला एक शिवी दिली. मंडळाचा अंक बायका-मुलं वाचतात म्हणून लिहीत नाही. शिवी मापाची होती. माझ्या अंगाला बरोबर बसली.

मला वाटलं फोन ठेवणार. ठेवला नाही. म्हणाला, "आणि आज का सांगतोयस? मिसेसनं कान धरला वाटतं?"

"हो. ती काल गेली."

पलीकडं बादली वाजायची थांबली. डॅनी म्हणाला, "डिसेंबरात कार्ड आलं होतं तिचं. नात प्रॉप झाली म्हणून लिहिलं होतं. मी पोरांना वाचून दाखवलं."

"त्या नातीचीच जर्सी आटवत होती ती. एक बाजू राहिली."

"कुठली?"

"उजवी."

"उजवी," तो म्हणाला, आणि मग कामाच्या माणसासारखा बोलायला लागला. "नीट ऐक. कमरेत घेऊ नकोस, तिथं कुणी धरत नाही. काखेखाली घे. तुझ्या अंदाजापेक्षा एक इंच जास्त. मला तिथनंच धरून ओढलं होतं. कळलं?"

"कळलं."

"शिवून झालं की फोटो पाठव. तुझ्यावर माझा विश्वास नाही."

मी मशीनवर बसलो. शेजारच्या देशपांडे काकू पोह्यांचा डबा घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या. "अहो काका, आज कशाला ते? मी देते ना नंतर करून."

मी म्हटलं, "नाही, शनिवारी मॅच आहे."

सुईत दोरा होताच. आम्ही ओवलेला. मी जर्सी उलटी केली, टाचण्या लावल्या आणि पाय मशीनवर ठेवला. सुनंदाची बाजू आखल्यासारखी सरळ आहे. माझी वळणं घेत गेलीय, मधे एकदा तर भलतीकडंच निघाली होती. पण काखेखाली पूर्ण एक इंच आहे. मी टेप लावून दोनदा मोजलं, मग इराला उठवलं आणि घालून बघायला लावलं.